चुलतभावांची बोलचाल बंद, मी मधात पडू का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला, वय ३४, कृषी केंद्रात कामाला आहे. २०२४ च्या विधानसभेपासून आमच्या गावात दोन तट पडले ते पडलेच, इकडचे लोक तिकडच्या पानठेल्यावर जात नाहीत. माझे दोन चुलतभाऊ, धुरा म्हणजे शेताचा बांध एक, विहीर एक, पण पाण्याची पाळीसुद्धा तिसऱ्याच्या हाती निरोप देऊन ठरवतात. मी आणि दोन मित्रांनी ठरवलंय की दर शनिवारी दोन्हीकडच्यांना बसवून बोलतं करायचं, पैसा नाही काही नाही, आपल्या मनाने. पण माझं मत कोणाला गेलं ते सगळ्या गावाला माहीत. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि भांडण झालं तर?

उत्तर: भाऊ, करा, नक्की करा. फक्त शनिवारची मोठी बैठक आत्ताच नको.

मी हे आमच्या गावात करून पाहिलंय म्हणून सांगते. समाजमंदिरात चाळीसेक लोक बोलावले, चहा मांडला, आणि दहा मिनिटांत कर्जमाफीवरून निघालेली गोष्ट एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत गेली, अर्धा चहा गंजातच राहिला. सगळ्यांसमोर बसवलं की माणूस समोरच्याशी बोलतच नाही, तो आपल्या बाजूच्यांना ऐकू जावं म्हणून बोलतो. पानठेल्यावर पाहा ना, दोघं असले की बरं चाललेलं असतं, चौथा माणूस येऊन उभा राहिला की आवाज चढतो.

मग मी दोघा-दोघांना बसवायला लागले. एक नियम ठेवला, समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही सांगायचं आणि तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत आपलं काढायचं नाही. एक कापूसवाले म्हातारे बाबा होते आणि दुसऱ्या पार्टीचा एक पोरगा. पोरगा पहिल्यांदा म्हणाला, "तुम्हाले फुकटचं पायजे." बाबा म्हणे, नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तो जरा थांबला आणि म्हणाला, "कापसाचे भाव पडले तवा तुमच्या दारात कोनी आलं नाही, जो आला त्याले तुम्ही मत देलं." बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हाव, हेच." दोघांचं मत आजही तेच आहे, बदललं नाही. पण पुढच्या खरिपात बाबांची ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सरकारी नोंद, त्याच पोराने मोबाईलवर करून दिली.

लोक म्हणतात मतच बदलत नाही तर बसून काय फायदा, आणि मला वाटतं इथेच आपण चुकतो, मत बदलायला बसवलं की माणूस आधीच अंग चोरून बसतो. अमेरिकेत २०१६ च्या निवडणुकीनंतर, त्याच डिसेंबरात, ओहायो राज्यात ट्रम्पचे १० आणि क्लिंटनचे ११ समर्थक असेच एकत्र बसवले होते, त्यातून पुढे ब्रेव्हर एंजल्स ही संस्था झाली. त्या बैठकीची मांडणी बिल डोहर्टी नावाच्या माणसाने केली, जो मुळात नवरा-बायकोची, घरच्यांची भांडणं हाताळणारा समुपदेशक. त्यांचा एक प्रकार मला फार आवडतो, एक बाजू मधात बसून आपसात बोलते, दुसरी भोवती बसून नुसती ऐकते, तोंड उघडायचं नाही. मग अदलाबदल.

लांब कशाला, आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव घ्या. तिथे ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे अभ्यासगट वेगळा असतो. तिथे नुसतं समजून घ्यायचं, निर्णय घ्यायचा नाही. तुमची बैठक तशी ठेवा. ठराव नाही, हात वर करणं नाही, फोटो नाही, आणि ग्रुपवर तर एक अक्षर नाही. नेत्याच्या अंगणात बसू नका, तूर निघाली की वावरातल्या झाडाखाली बसा, आणि ऐन निवडणुकीच्या तोंडावर तर मुळीच नको.

तुमच्या मताचं म्हणाल तर लपवू नका, आधीच सांगून टाका. माझा प्रश्न दुसराच आहे, ते दोन मित्र कोणत्या बाजूचे? तिघंही एकाच बाजूचे असाल तर गावाला ती प्रचाराचीच नवी तऱ्हा वाटेल आणि त्यात गावाची चूक नाही. ब्रेव्हर एंजल्सच्या स्थानिक गटांनाही दोन्ही बाजूंचे प्रमुख असतात. तिकडचा एक माणूस सोबत मिळेपर्यंत थांबा, दोन महिने लागले तरी थांबा.

भांडण झालं तर घाबरू नका, पाणी द्या, थोडं थांबा. पण जातीवरून शिवी आली की तिथेच उठायचं. आणि ज्या घराला वाळीत टाकलंय त्याला 'त्यांचंही ऐकून घे' म्हणायला कृपा करून जाऊ नका, तो मतभेद नाही, त्याच्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे.

राहिले चुलतभाऊ. त्यांच्यात तुम्ही पडू नका, तुम्ही घरचे, एकाला तरी वाटणारच की हा त्याच्याकडून आला. मित्राला पाठवा. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, दोन्ही घरच्या बायका एकमेकींशी बोलतात का? धुरा एक आहे, कापूस वेचताना रोज नजरेसमोर असतील, मला वाटतं बोलत असतील. आधी त्यांना विचारा भाऊ, आणि काय म्हणाल्या ते मला कळवा.