शर्यती सोडून शाळेत रोइंग शिकवताना

तुम्ही विचारलंय, शर्यती खेळलेल्या रोअरचं, म्हणजे वल्ही मारून बोट पळवणाऱ्या खेळाडूचं, शाळेत शिकवण्यात मन रमतं का, आणि मुलीला सातवीत या खेळात घालावं का. मी पुण्यात हेच काम करतो, म्हणून लिहितोय.

मन रमतं, अगदी मनापासून. आपल्याकडचे कितीतरी नावाजलेले रोअर सैन्यात गेल्यावर पहिल्यांदा बोटीत बसले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर राबलेला. भरती झाल्यानंतर वल्हं हातात आलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तो सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीत, तेरावा आला; २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण. हेच वल्हं त्याला बाराव्या वर्षी मिळालं असतं तर? शाळेतल्या कोचला ते वय मिळतं. म्हणून मला हे काम शर्यतीपेक्षाही मोठं वाटतं.

स्वतः रोइंग करताना २००० मीटरच्या शर्यतीत लक्ष आपल्या श्वासावर आणि पेटलेल्या मांड्यांवर असतं. शिकवताना नजर मुलांच्या वल्ह्याच्या पात्यावर ठेवावी लागते. नवीन पोरं हातांनी ओढतात. खरा जोर पायांचा: आधी पायांनी ढकलायचं, मग पाठ मागे, हात सगळ्यात शेवटी. परत पुढे येताना क्रम उलटा, हात, पाठ आणि मग गुडघे. गुडघे आधी वर आले की वल्ह्याचा दांडा त्यांच्यावरून उचलून न्यावा लागतो. दांडा वर गेला की पातं खाली, पाण्याला घासतं आणि बोट डुचमळते. बोटीतल्या सरकत्या सीटवर घाईने पुढे आलं तरी बोटीचा वेग तुटतो. म्हणून पहिले काही महिने मी जोर लावूच देत नाही, आणि पालक म्हणतात, "सर, मेडल कधी?" त्यांना हे समजावणं पोरांना शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

बाकी अडचणी नेहमीच्याच. नदीत जलपर्णी माजते, पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की बोटी आत आणि पोरं अर्गोवर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंगच्या यंत्रावर. पगार बेताचा. दहावी आली की चांगल्या मुली घरी बसवल्या जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मुलीला जरूर घाला, पण आधी तिला पोहायला शिकवा. क्लबवर जाल तेव्हा एक गोष्ट स्वतः बघा: बोटीतले बूट फळीला पक्के असतात, त्यांच्या टाचांना आखूड दोरी बांधलेली हवी. बोट उलटली तर त्या दोरीमुळे बुटाची टाच तिथेच धरून राहते आणि पाय बुटातून निसटतो. दोरी नसेल तर तिला त्या बोटीत बसवू नका.