आपल्या स्वप्नांचा अर्थ आपणच लावायला कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की स्वप्नात सारखा साप दिसतो, नेटवर शोधलं तर दहा ठिकाणी दहा अर्थ. माझंही तेच झालेलं, फक्त साप नव्हता, दात होते. अख्खी बत्तीशी हातात येते आणि मी ती खिशात लपवत फिरतोय. आजी म्हणायची दात पडले की जवळचं कोणीतरी जातं, मग सकाळी उठून गावाला फोन, तर सगळे ठणठणीत. (तिच्याच हिशोबाने स्वप्नात कोणी मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढतं, म्हणजे काय बोलणार.)

शेवटी उशाशी वही ठेवली. जाग आली की हलायचं नाही, मोबाईलला तर हातच लावायचा नाही, डोळे मिटून शेवटचं काय दिसलं ते धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं, मग दोन ओळी लिहायच्या आणि स्वप्नात वाटत काय होतं तेही. ठळक स्वप्नं पडतात ती जास्त करून रेम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत, ही झोप १९५३ मध्ये शिकागोत सापडली, साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून पहाटेचीच जास्त लक्षात राहतात. रात्री झोपताना दिवसभरात काय झालं त्याचीही एक ओळ लिहा, ही सोडलीत तर बाकी सगळं फुकट. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, पण मनी काय होतं ते दुसऱ्या दिवशी आपल्यालाच आठवत नाही ना!

स्वप्नांचे अर्थ लावणाऱ्या मनोविश्लेषक फ्रॉइडचं सगळं मला पटत नाही पण एक सवय त्याची उचलली, स्वप्नातल्या एकेका वस्तूवरून *आपल्याला* काय आठवतं ते विचारायचं. सर्पमित्राचा साप आणि तुमचा साप एक कसा असेल?

तीन महिन्यांनी वही चाळली तर दात सात वेळा, त्यातले पाच वेळा महिनाअखेरीला, ऑफिसात हिशोबांचं क्लोजिंग चालू असताना. आणि वाटत काय होतं तर भीती नाहीच, लाज, कोणी बघेल म्हणून. म्हटलं चला, अर्थ लागला. मग दाढ दुखायला लागली म्हणून डेंटिस्टकडे गेलो तर त्या म्हणाल्या तुम्ही झोपेत दात खाता, कडा झिजल्यात सगळ्या. नाईट गार्ड दिलं, रात्री दातांवर बसवायचं कव्हर.

आता क्लोजिंगला दात पडत नाहीत, लिफ्ट अडकते.