सुरुवातीच्या काळातल्या मोटारी परदेशातल्या वेगळ्या दर्जाच्या पेट्रोलवर कशा चालायच्या?

मुळात ती इंजिनं फार चोखंदळ नव्हतीच. फोर्डच्या मॉडेल टी (१९०८ ते १९२७) चा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) जेमतेम ४ ते ४.५ होता. आजच्या पेट्रोल गाड्यांत तो १० च्या आसपास असतो. एवढ्या कमी दाबावर कमी दर्जाचं इंधनही सहसा ठोकत नाही, म्हणजे आपोआप पेटून इंजिनात ठकठक करत नाही.

उरलेली जुळवाजुळव चालकाच्या हातात. स्टिअरिंगखालच्या डाव्या दांडीने ठिणगीची वेळ मागेपुढे करता यायची. चढावर इंजिन ठोकू लागलं की दांडी थोडी मागे घ्यायची, झालं. मिश्रणात इंधन कमी-जास्त करायला डॅशबोर्डवर वेगळी मूठ होती. गाडी चालू असतानाच ती फिरवता येई.

खरी डोकेदुखी होती ती इंधनाच्या जडपणाची. जड पेट्रोलची वाफ सहज होत नाही, म्हणून एक्झॉस्टजवळची गरम हवा नळीने कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) आणत. शिवाय जड इंधनात कार्ब्युरेटरमधला फ्लोट (तरंगता गोळा) जास्त तरंगतो, त्यामुळे पेट्रोल आत सोडणारी सुईझडप लवकर बंद होते आणि जेटमधली (पेट्रोल फवारणाऱ्या बारीक छिद्रातली) पातळी खाली राहते. मग फ्लोटचं वजन थोडं वाढवायचं किंवा जेट मोठा बसवायचा.

डब्यातून येणाऱ्या पेट्रोलमध्ये पाणी आणि गाळही असे. ते पेट्रोल शामॉय नावाच्या मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतत. पेट्रोलने ओलं झालेलं कातडं पेट्रोल जाऊ देतं, पाणी अडवतं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी जुगाड हाच.

इंजिन ठोकू नये म्हणून शिसं मिसळलेलं पेट्रोल १९२३ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं, आणि त्यानंतर कॉम्प्रेशन वाढत गेलं.