आदिवासी अभ्यासाचं मुक्त पाठ्यपुस्तक: पीडीएफ उतरवण्याआधी परवाना बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. पदवीला आदिवासी अभ्यासाचा पेपर आहे, मराठीत धड पुस्तक नाही, म्हणून एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या पुस्तिका एकत्र करून, थोडी भर घालून सीसी-बाय परवान्याखाली (क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, श्रेय दिलं की कोणालाही कशासाठीही वापरू देणारा) पुस्तक काढायचं, तर चालेल का? आमच्या गटानेही नेमकं हेच करायला घेतलं होतं. सीसी परवान्यांचे बाकीचे प्रकार तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो.

पुस्तिका फुकट उतरवता येते म्हणून ती पुन्हा छापता येते असं नाही. परवाना लिहिलेला नसेल तर सर्व हक्क राखीव, आणि सरकारी प्रकाशनाचे हक्क छापल्यापासून ६० वर्षं टिकतात. म्हणूनच आम्ही रीतसर परवानगी मागितली आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण आवकचा शिक्का सोडला तर आमच्या अर्जावर काहीही उमटलं नाही. प्रकाशन शाखा म्हणे ग्रंथालयाला विचारा, ग्रंथालय म्हणे लेखकाला, आणि लेखक केव्हाच निवृत्त. साहेब भेटले की चहा पाजून म्हणायचे, "अहो, वेबसाइटवर आहे ना, मग वापरा की!" हेच दोन ओळीत लिहून द्या म्हटलं की "वर विचारावं लागेल." सरळ नकार दिला असता तरी उपकार झाले असते, लगेच दुसरी वाट धरली असती. इकडे त्यांच्या नकाशांच्या भरवशावर प्रकरणं वाढत गेली. शेवटी ज्या विद्यापीठाच्या संग्रहात पुस्तक ठेवायचं होतं त्यांनी लेखी परवानगी मागितली. निम्मं पुस्तक नव्याने लिहावं लागलं, तोवर अभ्यासक्रमच बदलला. असो.

तेव्हा लेखी उत्तर हातात येईपर्यंत त्या पुस्तिकांमधला एकही परिच्छेद उचलू नका. मी वकील नाही, तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असतील, तपासून घ्या. पण तथ्यांवर कोणाची मालकी नसते. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १.०५ कोटी, म्हणजे नऊ टक्क्यांच्या थोडी वर. हे आकडे घेऊन तक्ता स्वतः मांडा. १९९६चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), २००६चा वनहक्क कायदा यांचा मजकूर स्वतःच्या भाष्यासह छापायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. नुसता दुवा द्यायला कोणाला विचारावं लागत नाही.

इंग्रज अमदानीतले जमातींवरचे कित्येक जाडजूड ग्रंथ आता हक्कमुक्त आहेत, जॉर्ज ग्रिअर्सन या इंग्रज अमदानीतल्या अधिकाऱ्याचं भारतीय भाषांचं सर्वेक्षणही. मोह होतो. पण ज्या राजवटीने १८७१ साली अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तिच्या अधिकाऱ्यांची वर्णनं टीपेशिवाय पोरांपुढे ठेवू नका. वर्गात त्याच जमातीची मुलं बसलेली असतात. कॅनडा-ऑस्ट्रेलियातलं मुक्त साहित्य मांडणी शिकायला उत्तम, पण परवान्यात 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल करून प्रसिद्ध करायला मनाई) असेल तर त्याचं मराठी भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही. आणि तिथे आदिवासी मुलांना सक्तीने घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचं प्रकरण आपल्या आश्रमशाळांना जसंच्या तसं चिकटवणं मला तरी आळशीपणा वाटतो.

गाणी-गोष्टींबद्दल मात्र मी कडक आहे. वारली लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित स्त्री, भिंतीवर रंगवलेल्या चौकापुढे बसून जी गाणी म्हणते, ती तिच्याच तोंडून, त्याच प्रसंगी म्हणायची असतात. ती ध्वनिमुद्रित करून सीसी-बायखाली टाकलीत, तर उद्या कोणीही श्रेयापुरतं नाव देऊन जाहिरातीत वाजवेल आणि परवाना मागे घेता येणार नाही. कायद्याने तुम्ही बरोबर असाल, पण पाड्यावर पुन्हा तोंड दाखवता येईल का बघा. आधी धवलेरीला आणि पाड्यावरच्या मंडळींना विचारा, मुद्रण त्यांना ऐकवा, काय खुलं ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या. बाकीच्यासाठी 'लोकल कॉन्टेक्स्ट्स' या संस्थेची टीके (ट्रॅडिशनल नॉलेज, म्हणजे पारंपरिक ज्ञानाची) लेबलं बघा. ती परवाना नाहीत, पण हे गाणं कोणाचं आणि कधी ऐकायचं हे वाचणाऱ्याला कळतं. पुस्तक सीसी-बाय आणि गाणी त्याबाहेर, असं पहिल्या पानावर स्पष्ट लिहिता येतं. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं, त्यांची इच्छा असेल तर, आभारात नको, लेखकांत घाला.

विषय निघालाच आहे म्हणून, जुन्या सरकारी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की अगम्य अक्षरं येतात, कारण ते टंक युनिकोड नाहीत. कन्व्हर्टरने बरंच सुटतं, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. गावांची आणि कुळांची नावं तर हमखास बिघडतात; ती त्या भागातल्या विद्यार्थ्यांकडूनच वाचून घ्या.