ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचे पैसे पडून आहेत, तरी अंगणवाडीच्या खोलीची दुरुस्ती का होत नाही?

बहुधा शिल्लक रक्कम ‘बंधित’ असते, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करता येते. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानात 60 टक्के रक्कम बंधित होती: 30 टक्के पाण्यासाठी, 30 टक्के स्वच्छतेसाठी. त्यातून अंगणवाडीची फरशी बसवता येत नाही. दुरुस्ती उरलेल्या अबंधित रकमेतून होते, आणि तीच आधी संपते.

पैसे असूनही काम अडण्याचं दुसरं कारण म्हणजे ते आराखड्यात नसणं. ग्रामसभेत तोंडी मागणी केली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, याला काही अर्थ नाही. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. काम कोणतं, जागा कोणती, अंदाजे खर्च किती, हे त्यात हवं. मग ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात चढलं का, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून स्वतः पाहा. तिथे नसेल तर बिल निघणार नाही. पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) डिजिटल सहीनेच सुटतात.

आणखी एक वाट बरेच जण विसरतात. घरपट्टी वगैरे स्वउत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करावाच लागतो. अंगणवाडीच्या साहित्यासाठी तो मागा. फक्त घरपट्टीची वसुलीच नसेल, तर हा हिस्साही नावापुरताच उरतो.

ग्रामसभेच्या गणपूर्तीकडेही (किमान उपस्थितीकडेही) लक्ष ठेवा: 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती.