धारेसाठी वेगळं टेबल

प्रश्न: पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) नि रंध्याचं पातं ओट्यावर धारेच्या दगडावर घासतो, दगड सरकतो, धार वाकडी येते. हाताच्या हत्यारांनीच टेबल कसं करू?

उत्तर: कराच, जागा कायम मांडलेली असली की धार लावायचा कंटाळा येत नाही. उंची कोपराच्या बरीच खाली ठेवा म्हणजे अंगाचा भार पात्यावर येतो, आणि पायांच्या आडव्या पट्ट्या खाच-कुसू करूनच (एका लाकडात खाच, दुसऱ्याचं टोक तिच्यात घट्ट बसेल असं कोरून) बसवा, नुसते खिळे पुढे-मागे घासून घासून ढिले होतात. दगडासाठी फळीत खड्डा कोरू नका, पाणी साचून लाकूड फुगतं, त्यापेक्षा दगडाच्या दोन्ही टोकांना फळीवर पट्ट्या मारा, एका बाजूला पाचर ठोकली की दगड हलतच नाही. आणि हो, शेजारी जाड काच ठेवा, तिच्यावर पॉलिशपेपर लावून मधे खोलगट झालेला दगड सपाट करता येतो, बहुतेकदा वाकड्या धारेचं मूळ तेच असतं!