पद्मिनीच्या काचेची पट्टी न वाकवता काढायची असेल तर

तुमचा प्रश्न असा की देवगडला घरी वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, आहे, ती पूर्ण रंगवायला काढलीय, पेंटर म्हणतोय काचेभोवतीची स्टीलची पट्टी आणि रबर जागेवरच राहू दे, टेप मारून रंग करतो, आणि तुम्हाला पट्टी काढायचीय पण वाकेल अशी भीती वाटतेय. भीती बरोबर आहे, पण टेप मारून रंगवू नका. समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या गाडीचं खरं दुखणं त्या रबराखालीच असतं. पावसाचं पाणी आणि खारी हवा तिथे शिरते आणि वाळतच नाही, मग काचेचे खालचे दोन कोपरे आतून गंजत जातात. वर कितीही भारी रंग मारा, दोन पावसाळ्यांत तिथे फोड येणार आणि पाणी डॅशबोर्डखालून पायाशी टपकणार. मी रत्नागिरीत जेवढ्या जुन्या फियाट उघडल्यात त्यातल्या एकीचेही खालचे कोपरे धड निघाले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. पट्टी आणि रबर दोन्ही वाचवायला जाल तर पट्टी जाईल. पद्मिनी बनायची बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली, नवीन रबर कुर्ल्याला सीएसटी रोडला किंवा ऑनलाइन अजून मिळतं, पण कंपनीच्या मूळ पट्ट्या सरळ, न पिचलेल्या मिळणं फार अवघड. त्यामुळे रबराचा जीव गेला तर जाऊ दे. अंगठ्याचं नख रबरात दाबून बघा, नख रुतत नसेल आणि वर बारीक भेगा दिसत असतील तर ते रबर आधीच मेलेलं आहे, त्याच्यावर माया करू नका.

मी पहिल्यांदा माझ्या १९७८ च्या गाडीची पट्टी काढली तेव्हा रबर वाचवायच्या नादात वरच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं. टक् असा बारीक आवाज आला आणि नखाएवढी घडी पडली. नंतर लाकडी ठोकळ्यावर घेऊन आतून ठोकून सरळ केली, आठशेचा मग पंधराशेचा पाणी पेपर मारला, बफिंग केलं, तरी आजही सकाळचं तिरकं ऊन आलं की त्या जागी उजेड मोडतो. स्टीलचा पत्रा एकदा घडी घातल्यावर तिथे कडक होतो, पहिल्यासारखा होतच नाही.

म्हणून आधी सगळ्या बाजूंचे मोबाईलवर फोटो काढा, वायपर काढून ठेवा, आणि काचेच्या कडेने बॉडीच्या रंगावर मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या, रंग जाणार असला तरी द्या, कारण हत्यार निसटलं की पत्र्याला खड्डा पडतो आणि तो भरायला परत पुट्टी आली. मग नीट बघा, पट्टीच्या कडेवर रबराची पातळ ओठासारखी कड चढलेली असते, तिनेच पट्टीला धरून ठेवलेलं असतं. साबणाचं पाणी मारत मारत नवीन कटर ब्लेडने काचेच्या बाजूची ती कड कापत जा, ब्लेडचा कल काचेकडे ठेवायचा, पत्र्याकडे अजिबात नाही. घाई नको, पुढच्या काचेला मला आरामात दीड-दोन तास लागतात. आणि काचेच्या कडेवर लोखंडी काहीही टेकवून जोर लावू नका, जुनी टफन काच मधे बुक्की खाईल पण कडेला टोचलेलं सहन करत नाही, क्षणात सगळीचा चुरा होतो.

कड निघाली की पट्टी स्वतःच सैल पडते. सुरुवात कोपऱ्यातून नको. पट्टीचे दोन तुकडे जिथे भेटतात तिथे वर एक छोटं टोपण असतं, ते आधी बाजूला सरकवा आणि तिथून उचलायला लागा. हत्यार म्हणाल तर बाजारात प्लास्टिकचे सेट मिळतात, पण मला आपल्या चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, कामटी सगळ्यात आवडते, वीतभर लांब, टोक कोयत्याने तासून पाचरीसारखं पातळ केलेलं, दोन-तीन करून ठेवा कारण टोकं मऊ पडतात. एक कामटी पट्टीखाली घालायची, दुसरी चार बोटं पुढे, आणि दोन्ही मिळून पट्टी थोडी थोडी वर आणायची. एका टोकाला धरून ओढायची नाही, तिथेच सगळ्या पट्ट्या वाकतात. जोडीला माणूस घ्या, सुटलेला भाग त्याने नुसता तळहातावर तोलून धरायचा. कोपरा सगळ्यात शेवटी, आधी त्याच्या दोन्ही अंगाच्या सरळ बाजू पूर्ण मोकळ्या करा मग कोपरा अलगद बाहेर येतो.

रबर खरंच चांगलं असेल आणि ठेवायचंच असेल तर दुपारच्या उन्हात गाडी तास-दोन तास उभी करा, नाहीतर हेअर ड्रायर फिरवा, रबर मऊ झालं की सिलिकॉन स्प्रे मारून कामटीनेच कड उलगडत जा. डिझेल, ऑइल किंवा डब्ल्यूडी-४० रबरावर मारू नका, तेलाने रबर फुगतं आणि मग परत बसत नाही.

दारावरच्या लांब पट्ट्यांचं वेगळं आहे, त्या क्लिपांवर बसलेल्या असतात आणि आपल्याकडे क्लिपा गंजून पट्टीला चिकटतात. उचकटायच्या आधी दाराचं आतलं पॅनल काढून बघा, कधी कधी टोकाला आतून नट असतो आणि माणूस बाहेरून ओढत बसतो. नट गंजलेला असेल तर आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. क्लिप तुटली तर तुटू दे, ती नवीन मिळते.

काढलेली पट्टी भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, लाकडी रीपेवर जुन्या साडीच्या चिंध्यांनी बांधून आडवी ठेवा आणि मागे डावी-उजवी लिहा. पॉलिश करायच्या आधी मागच्या बाजूला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर स्टील, बिनधास्त बफिंग करा. नाही चिकटलं तर स्टीलसुद्धा असू शकतं आणि अॅल्युमिनियमही, वजनाला हलकी असेल आणि पांढरी पूड धरली असेल तर अॅल्युमिनियम समजा, तिच्यावर अॅनोडायझिंगचा थर असतो, तो घासून काढला की आपल्या हवेत महिन्याभरात काळवंडते, फक्त साबणाच्या पाण्याने धुवा.

हे काम पावसात काढू नका, गणपतीपर्यंत गाडी तयार हवी असेल तर एप्रिलातच उघडा. उघडा पत्रा आपल्या दमट हवेत एका रात्रीत लाल होतो. ज्या दिवशी काच निघेल त्याच दिवशी गंज घासून कोरडं करून प्रायमर गेला पाहिजे, पेंटरला हे आधीच सांगून ठेवा.

परत बसवताना नवीन रबर काचेला चढवून पट्टी टेबलावरच रबरात बसवून घ्या, मग सगळं मिळून गाडीत बसवा, रबराच्या खाचेत साबण लावलेली नायलॉनची दोरी घालायची, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरी ओढत कड आत घ्यायची. शेवटी डॅशबोर्ड परत लावायच्या आधी बाहेरून पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा, आणि आत कुणालातरी बॅटरी घेऊन खालच्या दोन कोपऱ्यांकडे बघत बसवा.